तीन मिनिटं

या गावातला प्रत्येक निरोप एकेकाळी माझ्या बोटांतून गेला.
आयर्लंडचं पश्चिम टोक, पोस्टाची मागची खोली,
समोर लाकडी बोर्ड, साठ भोकं,
पितळी तोंडाच्या वायरी, कानावर जड हेडफोन
आणि बाहेर दारं वाजवणारा अटलांटिक.
डॉक्टरांचा नंबर दोन, खाटकाचा अकरा.
गॅलवेला लावायचं तर आधी कॅसलबार,
आणि तिथल्या ब्रीजच्या गुडघ्यांची चौकशी केल्याशिवाय
लाइन मिळत नसे.

ऐकायचं नाही, असा नियम होता.
भिंतीला कान असतात म्हणतात,
इथे भिंतीला पगारही होता.
लाइन जुळली का, एवढ्यापुरताच कान द्यायचा,
पण तेवढ्यात कळायचं ते कळायचंच:
कुणाची गाय किती पडत्या भावात गेली,
कोण लिव्हरपूलहून आता परतणार नाही.
सगळं पोटात ठेवलं मी.

एकदा नाही ठेवलं.

नोरीन लव्हेलने एका रात्री इंग्लंडातल्या दवाखान्यात फोन लावला.
मी बहिणीला सांगितलं, फक्त बहिणीला,
बटाटे सोलता सोलता.
रविवारी चर्चमध्ये नोरीनच्या दोन्ही बाजूंना
बाकडं रिकामं होतं.
वसंतात ती बॉस्टनला गेली.
जायच्या दिवशी टॅक्सी मागवली ती माझ्याच बोर्डावरून.
'थँक्यू, डिम्फना,' म्हणाली,
नेहमीसारखंच.

आता मी एक्याऐंशीची. बोर्ड संग्रहालयात,
आणि माझ्या एप्रनच्या खिशात असा फोन
ज्याच्या पलीकडे कोण बसलंय, मला दिसत नाही.
सकाळी नऊला कुणीतरी अनोळखी गोड आवाजात
माझी जन्मतारीख मला सांगतो.
मागच्या महिन्यात घेतलेल्या गरम चादरीची किंमतही.
कुठल्या बोर्डावर, कुणी कान दिला?
कुणाच्या बहिणीने बटाटे सोलले?

पुतण्याची मुलगी सोर्चा येऊन सगळं लावून गेली.
अनोळखी नंबर गप्प करायची सोय,
आणि फ्रिजवर चिकटवलेला कागद:
कोड कुणालाही सांगायचा नाही, बँकेलाही नाही.
फोन ठेवायचा. कार्डाच्या पाठीवरचा नंबर
आपण स्वतः लावायचा.
'तुला हे माहीतच असेल म्हणा,' ती म्हणाली.
मी म्हटलं, शिकव गं.
मला हे फार आधी कुणीतरी शिकवायला हवं होतं.

ती गेल्यावर मात्र गप्प करायची सोय मी काढून टाकली.
हॉस्पिटलचा फोन नंबर न दाखवताच येतो,
आणि डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख अजून यायचीय.
मी उचलते आणि काही बोलत नाही.
माणूस असेल तर स्वतःहून नाव सांगतं.
यंत्राला 'हॅलो' लागतो, नाही मिळाला
तर ते उपाशीच पुढच्या दारी जातं.

मंगळवारी मात्र माणूस होता.
केव्हिन म्हणे, बँकेच्या सुरक्षा विभागातून.
आत्ता आलेल्या मेसेजमधले सहा आकडे तेवढे सांगा.
त्याच्या मागे मला खोली ऐकू आली:
चाळीस गळे, एकच वाक्य,
एका मुलीचा खोकला,
कपात फिरणारा चमचा.
ही खोली मी ओळखते.

'उजवा कान दुखतो का रे, हेडफोनने?'

तो थांबला.
'डावा,' म्हणाला.

मग कागद सरकल्याचा आवाज,
आणि पुन्हा: मॅडम, ते सहा आकडे.
ते माझ्या तळहातावर उजळलेले होते.
चष्म्याशिवायही वाचता येत होते.
मी घसा साफ केला,
पोस्टातल्या मागच्या खोलीचा आवाज शोधला, सापडला:

'तीन मिनिटं झाली, कॉलर. लाइन तोडते.'

नंबर ब्लॉक केला. उद्या तो दुसऱ्या नंबरावरून येईल,
किंवा त्याच्या शेजारची खोकणारी मुलगी येईल.
ते आकडे, सोर्चा म्हणते,
दहा मिनिटांत आपोआप निकामी होतात.
सगळ्याच गोष्टी होत नाहीत.

आणि हो,
नोरीन हे तिचं नाव नाही.
एवढं तरी शिकले.