एकतीस फेऱ्या

जुलैचा हिशोब डायरीत मांडला
तेव्हा निघाल्या एकतीस फेऱ्या.
एक रविवार सोडून मी रोज गेले होते
कोपऱ्यावरच्या नेमीचंदजींकडे,
आणि मिठाच्या दिवशी तर दोनदा,
कारण पहिल्यांदा पापड, काडेपेटी
आणि कसलंसं नवं बिस्किट घेऊन परतले,
मीठ तिथेच राहिलं.

एका फेरीला पाऊण तास:
चपला, कुलूप, गल्लीतली आडवी गाय,
मग काट्यामागून ते लाघवी "और, भाभीजी?"
'और' म्हणण्यात नेमीचंदजींचा हात कुणी धरणार नाही.
त्या एका शब्दाचेच महिन्याला हजार-बाराशे.

ऑगस्टपासून ठरलं,
महिन्यातून एकदाच, पहिल्या शनिवारी, सियागंज.
विद्याधरांच्या पायाशी तेलाचा डबा,
हँडलला पोहे, माझ्या मांडीवर तूरडाळ,
जीरावनाच्या पुडीसकट सात नग मोजले,
आठवी मी.
रामबागेच्या चढावर स्कूटर दोनदा थांबली
पण आली.

फ्रीजवर यादी टांगली, सुतळीला पेन्सिल.
संपेल ते लिहायचं. लिहिलं नाही तर येणार नाही.
ओजसनं पहिल्याच दिवशी लिहिलं: शेव.
खाली, मोठ्या माणसाच्या अक्षरात: लवंगवाली.
मी दोन्ही खोडलं.
घरात रक्तदाबाच्या गोळ्या आहेत,
आणि शेव ही वस्तू संपत नसते,
संपवली जाते.

एकोणीसला जिरं संपलं. मोहरीवर भागवलं.
तेवीसला साखर,
आणि पाहुणे नेमके तेव्हाच, देवासहून, चौघं.
गुळाचा चहा केला तर नासला.
दुसरा कोरा दिला, लिंबू पिळून.
"तब्येतीला फार जपता बाई तुम्ही," म्हणाल्या.
अठ्ठावीसला उरलं मूठभर बेसन, पोह्यांचा चुरा;
कोंड्याचा मांडा म्हणतात तो हाच असावा.
जरा कडक होतो.

संध्याकाळी सातला मात्र
पाय आपोआप चपलांकडे वळायचे.
पाऊण तास हाती आला होता
आणि ठेवायला डबा नव्हता.
पहिला आठवडा मी फळ्या पुसल्या.
दुसऱ्यात गच्चीवर जाऊन बसले, नुसतीच.
विद्याधर रोज फिरायला जाऊ लागले, ओजसला घेऊन.
मला बरं वाटलं.
वेळ त्यांनाही सापडला म्हणायचा.

तीस तारखेला नेमीचंदजींनीच हाक मारली.
"नाराज हो क्या, भाभीजी? महीना हो गया."
म्हटलं, नाही हो, घरचा हिशोब बसवतेय.
त्यांनी रिकामा पिंप पालथा घातला, बसा म्हणाले,
आणि हिशोब हा शब्द ऐकूनच असेल,
लाल वही पुढे केली.

भैयाजींच्या नावावर
शेव, पाव किलो.
शेव, पाव किलो.
शेव, पाव.
अकरा ओळी.
शेवटच्या दोन ओजसच्या अक्षरात,
'शे'ची मात्रा नेहमीसारखी लांब उडालेली.

पैसे दिले. सातशे सत्तर.
घरी विचारलं त्यांनी, काय आणलंस?
काही नाही, म्हटलं,
आणि ते खरंच होतं.

सप्टेंबरची यादी मीच लिहायला घेतली.
सगळ्यात वर, तूरडाळीच्याही आधी,
शेव, लवंगवाली.
अकरा पाव म्हणजे पावणेतीन किलो.
तीन लिहिले.
वरचा पाव माझा.

विद्याधरांनी यादी वाचली,
घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.
स्कूटरला किक मारता मारता एवढंच म्हणाले,
यंदा एक नग जास्त होईल,
मांडीवर मावेल ना?