एकवचनी

फोर्टातल्या ग्रंथालयाच्या तळघरात
मी पुस्तकांची मलमपट्टी करते.
गव्हाची खळ, जपानी कागद, मऊ ब्रश.
कसरीने खाल्लेली भोकं दिव्यावर धरून मोजायची,
मग एकेक बुजवायचं.

यंदा एक वही आली, कुण्या मेलेल्या दलालाच्या पेटाऱ्यातून.
खाऱ्या पाण्याने कडा फुगलेल्या.
डॉर्कस पेनॉक, पेनसिल्वेनिया, सतराशे एकोणसाठ.
मुंबईला कशी पोचली, विचारायला कुणी उरलं नाही.

डॉर्कस महिन्याचं नाव घेत नाही.
जुन्या देवांची नावं तोंडी नकोत, म्हणून लिहिते:
दुसरा महिना, चौथा दिवस. बर्फ. मेंढी व्याली.
सभेत दोन तास कुणी बोललं नाही.

त्यांची सभा म्हणजे बाकांवर गप्प बसणं.
भटजी नाही, घंटा नाही.
आतला उजेड ज्याला उठवेल त्यानं उठावं.
किंवा तिनं.
डॉर्कस एकदा उठली.
काय बोलली ते लिहिलेलं नाही.
एवढंच, की घरी पोचेतो गुडघे कापत होते.

पुढे साखर सोडली, गुलामांच्या हातची म्हणून.
मग निळीचं कापड.
थॉमसला चहा कडू लागला. बोलला नाही.
आमच्यात न बोलणं म्हणजे होकार नव्हे.
दोन मुलं पुरली, वर दगड ठेवला नाही.
ते पान मी तीन दिवस उलटलं नव्हतं.

शेजारच्या वसाहतीत साक्षीला नेलं, तर शपथ घेईना.
कालही खरंच बोलत होते,
आज हात वर करून निराळं खरं कुठून आणू?
न्यायाधीशाला तू म्हणाली.
एका माणसाला अनेकवचन लावणं हेही खोटंच, म्हणाली.
दंड झाला. एक गाय गेली.

आपल्याकडे शब्दाला जागणाऱ्याला एकवचनी म्हणतात.
व्याकरणातलं एकवचन वेगळं.
डॉर्कसपाशी दोन्ही एकच.

इथे माझा ब्रश थांबला.

माझी आई, कौतिका.
दादरच्या हिंदू कॉलनीत सात घरची भांडी.
सातातल्या पाच वर्षांच्या पोरालाही विचारायची,
तुम्ही दूध प्यालात का?
तो म्हणायचा, कौतिका, माझी बॅट कुठे ठेवलीस तू?
वडलांना अहो. वाण्याला अहो. मुकादमाला जी.
टाकातल्या खंडोबाला ती तू म्हणायची, आणि मला.
तिसरं कुणी नव्हतं.

शेवटच्या आजारात, केईएमच्या बाविसाव्या खाटेवर,
तिच्या तोंडातून अनेकवचन गळून गेलं.
मोठे डॉक्टर आले, मागे आठ शिकाऊ.
आई म्हणाली, तू जेवलास का रे?
मी मान खाली घातली. म्हटलं, सर, तिला भान नाही.
डॉक्टर म्हणाले, नाही जेवलो,
आणि क्षणभर खाटेच्या कडेला टेकले.
नर्सला तू. मेट्रनला तू.
वॉर्ड पुसणाऱ्या शकीलला तू, त्याला तर आधीपासूनच
सगळे म्हणत होते.
अकरा दिवस ती अशी बोलत होती
आणि अकरा दिवस मी
खाटोखाट तिच्यासाठी माफी मागत फिरत होते.

आज दुपारी साहेब जिना उतरून आले.
झालं का गं तुझं ते अमेरिकन बाड?
पहिल्या पावसात तळघरात आलेली ओल अजून भिंतीला होती,
मी भिंतीकडे पाहिलं.
जिभेवर एक अक्षर आलं, दाताला लागलं.
म्हणाले, तुम्ही सांगाल तसं. आठवडाभरात देते.

ते गेल्यावर दुरुस्तीच्या नोंदवहीत लिहिलं:
अकरावा महिना, एकोणिसावा दिवस.
खळ आंबली. नवी शिजवली.
एकशे चार भोकं, त्यातली साठ बुजली.
कुणी बोललं नाही.