तीन धोटे

तांडापेठेतली मनपाची शाळा, वरची खोली.
अकरा संगणक, त्यातले नऊ चालू,
एकाचा स्पेसबार बोट ठेवलं की खालीच राहतो.
कूलर इतका बोलका
की या वर्गात कुणी कुजबुजत नाही,
सगळे ओरडतात.

मी पतंगांचा खेळ केला होता.
कोन ओळखायचा, तेवढी ढील द्यायची,
उत्तर जमलं की समोरचा पतंग कटतो.
माझ्या लॅपटॉपवर छान उडायचा.

इथे मुलांचा पडदा वेगळा.
वह्या, रंग, पाढे कडेने गोल बसलेले,
कोपऱ्यात घराचं चित्र,
आणि मधे एक कोरी पाटी.
खेळानं त्या पाटीवर बसायचं,
एवढंच काम होतं.

बसला नाही.
आला आणि स्वतःची खिडकी उघडून
वह्या झाकल्या, पाढे झाकले, घर झाकलं.
हिमांशी निनावे माझ्या ओढणीला धरून:
"मॅडम, मले घरी जाता नाही येऊन राह्यलं."

दोन दिवस मी खिडकीत खिडकी कोंबत होते.
खेळाच्या लायब्ररीला वाटायचं
जग तिच्यापासून सुरू होतं:
चाक तिचं, घड्याळ तिचं, कीबोर्ड तिचा.
पडद्यालाही तेच वाटायचं.
दोघं एकमेकांची वाट पाहत गोठायचे,
पतंग अर्ध्या आभाळात,
आणि माऊसचा बाण
उन्हात उभ्या माणसासारखा.

साडेपाचला तिचे वडील न्यायला आले, सेवकराम.
मी उगाच विचारलं,
तुम्ही करवती काठ विणायचे ना,
तो काठ अंगाला कसा जोडतात?

"जोडत नाही," ते म्हणाले.
"जोडला तर धुतल्यावर सुटते.
तीन धोटे लागतात. दोन काठाचे, मधला अंगाचा.
दर फेरीत काठाचा धागा
अंगाच्या धाग्याले धरून मागं फिरते.
एक फेरी चुकली का भोक दिसते."
मग खोलीतल्या प्लगकडे पाहत:
"इथं रिक्षा चार्ज होईन का, मॅडम? थोडीशीच."

रिक्षा खाली चार्ज होत होती
तेव्हा मी पहिली ओळ बदलली.

आधी पाटी पडद्यावर खरीखुरी उमटू द्यायची.
मग तिचा आकडा खेळाच्या कानात सांगायचा,
तो जागा होण्याआधी, नंतर नाही:
ही तुझी जागा, दुसरी मागू नकोस.
आणि दर फेरीत, पतंग हलवून झाला
की क्षणभर थांबायचं,
बाहेर कुणी हाक मारली का, विचारायचं,
मग पुढची फेरी.
सोपं आहे.
मला दोन दिवस लागले
आणि एक बंद झालेला माग.

सकाळी पतंग पाटीवर उडाला.
कडेला वह्या, कोपऱ्यात घर, सगळं जागच्या जागी.
फक्त बटणं दाबली तर ऐकेना.
मी कोड उघडायला वाकले, तोवर
हिमांशीनं पतंगावर एकदा टिचकी मारली.
"त्याले सांगा लागते मॅडम,
का तुमच्याशी बोलून राह्यलो."

मागच्या रांगेतून प्रणय बारापात्रे ओरडला, ओ काट!
कूलरपेक्षा मोठ्यानं.
साठ अंश, बरोबर.

हिमांशी मात्र खेळली नाही.
घराच्या चित्रावर गेली,
परत पाटीवर आली,
पुन्हा घरी गेली. चार वेळा.
दार उघडतं का एवढंच पाहत होती.

ती घरी असताना
तिचा पतंग मागे एकटाच उडत राहिला,
गुण कमी होत गेले.

वहीत लिहून ठेवलंय:
कुणी पाहत नसेल तेव्हा
याला थांबायला शिकवणे. सोमवारी.