आडनावाच्या मापाचं

बारसं शुक्रवारी. बुधवारच्या रातीपर्यंत
पोरीले नाव नव्हतं.
प्रफुल मोबाइलवर पाहून वाचे,
कियांशी. रिद्धिमा. आद्विका.
आन मी चुलीपुढं बसून
प्रत्येकाले मांगून शेपूट लावून पाहत होती.
कियांशी माकोडे,
जसी बारदान्याच्या पोत्याले रेशमी नाडी.
आद्विका माकोडे,
जसं कोनी गोड बोलता बोलता ठेचकाळलं.

आडनावच तसं हाये आमचं.
तोंडात फुटाने असल्यावानी.
'मा' अलग, 'को' अलग,
'डे' तं पार दाढीखाली.

दर्यापूरच्या गुरुजीनं सांगतलं, पूर्वाषाढा.
अक्षर भू, धा, फा, नाहीतं ढा.
प्रफुल म्हने, "ढा वरून काय, ढालगजबाई?"
कांचन बाजीवर पडल्या पडल्या बोलली,
"हासवू नका. टाके हायेत मले."

मंग काकू, डिंकाचे लाडू वळता वळता,
"इतला इचार कायले?
पोरीचं आडनाव बदलतेच नं उद्या.
ज्याच्या घरी जाईन, थे घेतीन जमवून."

खोटं नव्हतं तिचं.
मी लाडू मोजले.
एकोनीस.

मले कोनी नावच ठेवलं नव्हतं.
चौथी पोरगी. दवाखान्याच्या कागदावर
नर्सबाई लिहून गेली 'बेबी',
थेच पुढं शाळेत चाललं.
तिथं बाईनं काना-मात्राही खाल्ला.
टीसीवर अजून हाये, बेबी माकडे.
दहावीपर्यंत पोरं बाकावर केळाची सालं ठेवत.

लग्नात ताटभर तांदूळ पसरले
आन अंगठीनं लिहिलं, स्नेहलता.
स्नेहलता हिवराळे.
आयकाले चांगलंच वाटते. वाटनारच.
सासू आन नंदा तीन राती बसल्या होत्या त्याच्यासाठी,
हिवराळे म्हनून म्हनून पाहत.
आता राशनकार्डावर एक, पासबुकावर एक.
बँकेतली पोरगी इचारते, बेबी कोन?
मी म्हनते, होती एक.

गुरुवारी सकाळी ओट्यावरून माकोडे चालले होते,
हरभऱ्याच्या पोत्याकून भितीकडं,
एकाच्या तोंडात त्याच्याहून मोठा दाना.
प्रफुल लहान होता तवा त्याच्या अंगठ्याले एक डसला.
बाबानं वढला, तं अर्धाच हातात आला.
मुंडकं रायलं तिथंच, कातडं धरून,
दोन दिवस.

मी अंगनात गेली.
धुऱ्याकडं तोंड करून हाक मारली,
"फाल्गुनीऽऽ"
निंबावरचे कावळे उठले,
शेजारची पारबता म्हने, "कोनाले वं?"
मंग हाजरीवानी, आडनाव पहिले,
माकोडे फाल्गुनी प्रफुल.
'डे' वर जीभ टेकते न टेकते
तं 'फा' तिले उचलून घेते.
मंग उलटं. फाल्गुनी माकोडे.
'नी' आन 'मा' च्या मधात
नख घालाले जागा नाही.

प्रफुल म्हने, "जुनं नाही वाटत थोडंसं?"
कांचन म्हने, "परत म्हना, ताई."
मी परत म्हनलं.
तिनं पोरीकडं पाहून ओठातच म्हनून पाह्यलं,
एकदा आडनावासंग, एकदा बिना आडनावाचं,
आन झोपली.

शुक्रवारी पाळन्यात वाकली, कानात कुर्र केलं.
आत्यानं निस्तं नाव सांगाचं असते.
मी आडनावही सांगतलं. दोनदा.

सोमवारी ग्रामपंचायतीत
ऑपरेटर पोरगं एका बोटानं टाइप करे.
मी खिडकीतून म्हनलं, को.
काना आन मात्रा. दोन्ही.
ते उमटेपर्यंत हालली नाही.
मंग त्यानं कागद सरकवला,
"खबर देनाऱ्याचं नाव लिहा, इथं."

पेन त्याचंच होतं, बोथट.
मी लिहिलं, बेबी माकोडे.
काना जरा जाड आला.