दोन पानं

मागच्या हिवाळ्यात अर्ज बेचाळीस पानांचा होता.
डुलुथच्या बसथांब्यावर उभ्याउभ्या
व्हर्लीन डुप्री दातांनी हातमोजा ओढून लिहायची:
बोट आहे का? घोडा? विमा कितीचा?
एकोणतिसाव्या पानावर, दफनाची जागा?

आहे. आईनं हप्त्याहप्त्यानं घेतलेली,
स्वतःच्या शेजारी, टेकडीवर.
त्या एका ‘हो’पायी
तीन महिने पोरांच्या दुधात पाणी वाढत गेलं.

यंदा दोनच पानं.
नाव, माणसं, पगार, सही.
खिडकीतला पोरगा म्हणाला, झालं, मॅडम.
एवढंच?
एवढंच.

तरी ती घुटमळली तिथंच.
आता कुणी विचारत नाही म्हटल्यावर
सांगावंसं वाटलं तिला,
जमीन आहे हो माझी,
सहा फूट बाय तीन.
दुपारचं ऊन येतं तिथं.