लिफाफा चाळीस

कोपरखैरण्यात, झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर आमची खोली.
दाराला कागद चिकटवलाय: झोप लागत नाही? प्रयोगासाठी माणसे हवीत.
खाली फोन नंबरच्या कातरलेल्या पट्ट्या,
सात जणांनी फाडून नेल्या, फोन केला तिघांनी.

मॅडम म्हणतात, आलेल्यांवरून न आलेल्यांविषयी
एक अक्षर बोलायचं नाही.
न आलेले मला जिन्याच्या जाळीतून दिसतात,
महाप्याच्या तिसऱ्या पाळीची बस, काचेला टेकलेली डोकी.
त्यांना जागं राहायचा पगार आहे.
आमच्याकडे चहा, आणि दीडशे रुपये.

घणसोली गावातून हिराजी मढवी आले,
इस्त्रीचा सदरा, खिशात आधार कार्ड.
वय एकसष्ट. आमची रेघ पंचावन्नला.
"मंग मी कंच्या गटान?"
कुठल्याच नाही, काका.
त्यांनी चहा संपवला,
कप विसळून पालथा घातला.
मी लिहिलं: अपात्र, एक.

उरलेल्यांसाठी लिफाफे.
आत एकच शब्द. वही, किंवा प्रतीक्षा.
वही म्हणजे रोज रात्री मनातलं लिहून काढायचं.
प्रतीक्षा म्हणजे सहा आठवडे काहीच नाही.
क्रम यंत्राने लावला, मॅडमनी कुलपात ठेवला,
उजेडात धरून कुणी वाचू नये म्हणून
प्रत्येक चिठ्ठीवर कार्बन पेपर.

पण चाराचा एक गठ्ठा, दोन वह्या, दोन प्रतीक्षा,
एवढं मोजायला उजेड कशाला लागतो?
सदतीस वही. अडतीस वही. एकोणचाळीस प्रतीक्षा.
चाळीस मला बंद असताना वाचता येत होता.

त्या संध्याकाळी बाकावर दोघं.
नफिसा तुंगेकर, तुर्भ्याच्या मसाला बाजारात हिशेब लिहिते,
ओढणीला मिरचीचा खकाणा, मी दोनदा शिंकलो.
मार्चपासून झोप नाही, म्हणाली.
मार्चमध्ये काय झालं, याला फॉर्मवर चौकट नव्हती.
शेजारी रोहन, बी.कॉम.चा, जांभया देत,
प्रश्नावलीत मात्र काठावर पास.

त्याने आधी सही केली असती
तर चाळीस त्याचा. तिला एकेचाळीस,
नवा गठ्ठा, निदान नाणं हवेत तरी.
मी विचारलं, "आधी कोण?"
आणि बघत राहिलो त्याच्याकडे.
नजर हीसुद्धा ढवळाढवळच,
पण ती लिहायला वहीत रकाना नाही.

तो उठला. अर्धा उठला.
मग म्हणाला, "ताईंना जाऊ द्या, लांब जायचंय त्यांना."

कुणाच्या सारणीत बसवू हा सज्जनपणा?

तिने कड नीट दुमडून फाडली.
प्रतीक्षा.
मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं:
सहा आठवड्यांनी तुम्हालाही वही मिळेल.
"म्हणजे तोवर जसं चाललंय तसंच?"
हो.
"ते जमतं मला."

रोहनला वही निघाली. पानं फरफर उडवत
त्याने विचारलं, रेघी नाहीत का?

ती दारातून परत वळली.
मला वाटलं, आता भांडेल.
"तो कार्बन टाकून देणार असाल तर नेऊ का?
बिलबुकाला लागतो."

दिला.
अंगठ्याला निळं लागलेलं तिने ओढणीला पुसलं नाही,
माझ्या फॉर्मच्या कोपऱ्यावर टेकवलं,
जिथे सही आधीच झाली होती.