कवळी

मी माझगावात कवळ्या बनवतो.
डॉक्टर ठसे पाठवतात, मी दात बसवतो.
ज्यांचं तोंड कधी पाहिलं नाही त्यांचं हसू
डबीत घालतो, वर नाव लिहितो,
संध्याकाळी पोऱ्या घेऊन जातो.

नसरीन पारकर आली ती तोंडासाठी नव्हे.
उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली गाडी
तिनं प्लास्टरच्या जबड्यांमध्ये ठेवली.
"अब्बांनी कोबेहून आणलेली. बोटीवर होते.
कायम शोकेसमध्ये. किल्ली त्यांच्या खिशात.
तुम्ही करता म्हणे हे."

करतो. रविवारी.

लाल बग्गी, हातभर.
टायर दगड झालेले,
सेल फुटून तारांवर हिरवा क्षार चढलेला,
शॉकमधलं तेल काकवीसारखं.
मोटर उघडली तर कार्बन कोरे करकरीत.
एकदाही कुणी चालवली नव्हती.
तरी गिअरचे दोन दाते पडलेले.
होतं असं. काही न चावताही दात जातात.

जपानहून गिअर यायला दोन महिने.
मी अ‍ॅक्रिलिक कालवलं, आमचंच, हिरडीच्या रंगाचं,
दोन दाते ओतले, कानशीनं उतरवले,
आणि चावा नीट बसतो का ते
माणसांचं बघतो तसंच बघितलं,
निळा कागद मध्ये धरून.

बाकी थोडी लबाडी केली.
मागचे हात अर्धा इंच लांबवले,
भाजी चिरायच्या पांढऱ्या फळीतून कापून.
रिसीव्हर नवा घातला,
जुन्याला शेजारच्या गाडीचाच हुकूम ऐकू यायचा.
मोटर मात्र तीच ठेवली.
नवीचा जोर त्या हाडांना झेपला नसता.

कांजूरला, मिठागरांच्या पाठी, काम अडकलेला प्लॉट आहे.
बंबाचा जुना पाइप उभा चिरून आम्ही कडा आखल्यात.
वॉचमन सकाळी पाणी मारतो,
दहापर्यंत माती बसते, अकरापर्यंत पुन्हा उडते.
भांडुपची पोरं येतात, लॅपटॉप घेऊन.
लाल बग्गी बघून एकानं विचारलं, "काका, ही म्युझियमची का?"

रिमोट मी नसरीनच्या हातात दिला.
पन्नाशीची बाई, बँकेत कॅशियर,
चपला काढून मचाणावर चढली.
म्हटलं, "पहिला लॅप हळू. धूळ लागेल."
"लागू दे की!"

काय सुटली!
पहिल्या वळणाला शेपूट फेकत,
दुसऱ्याला पाइपावर चढून,
उडीवर तर नाक वर करून अशी गेली
की लॅपटॉपवाली पोरंसुद्धा "अर्रे" म्हणाली.
तिसऱ्या लॅपला कर्रर्र आवाज.
मला बघायची गरज नव्हती. दाते.

तिनं गाडी उचलली, उलटी केली, माती झटकली.
लाल रंगावर लांब पांढरा ओरखडा.
त्यावरून अंगठा फिरवत राहिली,
पुढून मागे, मागून पुढे.
"मारलं असतं मला," म्हणाली.
आणि मग हसली. वरचे दोन दात जरा पुढे,
तिचे स्वतःचे.

सोमवारी टेबलावर मुलुंडच्या कुणा आजोबांची
खालची कवळी अर्धी होती.
वाटीत अ‍ॅक्रिलिक जेमतेम.
मी आधी गिअरचे दाते ओतले.
आजोबांना एक दिवस जास्त
पेज प्यावी लागली असेल.